अण्णांची ईआरसीपी करायची आहे, महात्मा फुले योजनेत बघणारा गॅस्ट्रोचा डॉक्टर कुठे मिळेल? (सोलापूर / पुणे साइड)

सीनाकाठ

नमस्कार मंडळी, वडिलांसाठी विचारतोय. अण्णांचं वय आधारवर ७२ आहे, गावी असतात बार्शी तालुक्यात, मी चाकणला कंपनीत आहे. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, गावातल्या डॉक्टरांनी बरेच दिवस पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग डोळे पिवळे दिसायला लागले आणि लघवी एकदम गडद, अंगाला खाज पण सुटायची. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे आणि पित्तनलिका फुगलेली आली, बिलीरुबिन ६.८. मग एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) केला त्यात नलिकेच्या खालच्या टोकाला ९ मिमीचा खडा अडकलेला दिसतोय. सर्जन म्हणाले पित्ताशय नंतर काढू, आधी गॅस्ट्रोवाल्याकडून ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून) करून खडा काढून घ्या, ते आमचं काम नाही.

आता अडचण अशी की प्रायव्हेटमध्ये सगळं धरून ७०-८० हजार सांगतायत आणि ते पण फक्त ईआरसीपीचे, पित्ताशयाचं ऑपरेशन वेगळं. केशरी रेशन कार्ड आहे आमचं. एका हॉस्पिटलच्या बाहेर योजनेचा मोठा बोर्ड आहे म्हणून अण्णांना घेऊन गेलो तर रिसेप्शनवर म्हणाले योजना आहे पण गॅस्ट्रोचं योजनेत होत नाही, सर विझिटिंग आहेत, पैसे भरून करायचं असेल तर उद्या बोलावतो. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले योजनेचे बेड फुल आहेत, परत फोन करा, आणि फोन कोणी उचलत नाही.

त्यात याच वर्षी माझ्या मोठ्या भावाची अँजिओप्लास्टी योजनेतून झाली, तो आमच्याच रेशन कार्डावर आहे, मग आता अण्णांसाठी लिमिट शिल्लक राहील का हे पण कळत नाही. कुणाला असा गॅस्ट्रोचा डॉक्टर माहीत आहे का जो योजनेत पेशंट घेतो? सोलापूर, पुणे कुठेही चालेल, मुंबईला पण नेऊ. सध्या ताप नाहीये, जेवण कमी झालंय.

---

कक्ष_सेवक

भाऊ, मी काही वर्षं आरोग्यमित्र (हॉस्पिटलात योजनेच्या पेशंटला मदत करणारा) म्हणून काम केलंय, आता दुसरीकडे आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही डॉक्टर शोधताय, पण योजना डॉक्टरला लागूच होत नाही. हॉस्पिटल योजनेत असतं, आणि ते सुद्धा सगळ्या विभागांसाठी नाही, ज्या ज्या विभागाला त्यांनी मान्यता घेतलीय तेवढ्यासाठीच. एखादं हॉस्पिटल हाडांसाठी आणि किडनीसाठी योजनेत असेल पण मेडिकल गॅस्ट्रोसाठी नसेल तर बाहेर बोर्ड कितीही मोठा असू दे, ईआरसीपी तिथे योजनेत होणार नाही. तुम्हाला पहिल्या ठिकाणी जे सांगितलं ते बहुतेक हेच होतं, फक्त नीट समजावून सांगितलं नाही. आणि उलटं पण असतं, डॉक्टर तोच असतो, सकाळी एका हॉस्पिटलला पैसे घेऊन करतो आणि दुपारी दुसऱ्या हॉस्पिटलला योजनेत करतो कारण ते दुसरं हॉस्पिटल गॅस्ट्रोसाठी पॅनेलवर आहे. म्हणून डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन करून "योजना घेता का" विचारू नका, तिथली मुलगी नाही म्हणून फोन ठेवेल.

विचारायचं ते असं. १५५३८८ वर फोन करा किंवा १८०० २३३ २२००, आणि सरळ म्हणा की सोलापूर आणि पुणे जिल्ह्यात मेडिकल गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीसाठी मान्यता असलेली हॉस्पिटलं सांगा. नुसतं "योजनेतली हॉस्पिटलं सांगा" म्हणालात तर पन्नास नावं वाचून दाखवतील. आयुष्मानच्या साइटवर पण हॉस्पिटल शोधायची सोय आहे, तिथे राज्य, जिल्हा आणि स्पेशालिटी निवडता येते. यादी मिळाली की त्या त्या हॉस्पिटलच्या मेन नंबरवर फोन करून रिसेप्शनशी बोलत बसू नका, "आरोग्यमित्राला द्या" म्हणा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये दर्शनी भागात आरोग्यमित्राचा टेबल असतो, नसेल तर तीच तक्रार होते. त्याला एवढंच विचारा, तुमच्याकडे ईआरसीपी करून सीबीडी स्टोन (पित्तनलिकेतला खडा) काढायचं पॅकेज शेवटचं कधी झालं. जिथे खरंच होतं तिथला माणूस लगेच सांगतो, गेल्या आठवड्यात झालं, या वारी सर येतात, वगैरे. जिथे होत नाही तिथला चाचपडतो.

लिमिटचं टेन्शन घेऊ नका. आधी दीड लाख होतं ते आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख झालंय, १ जुलै २०२४ पासून, आणि रेशन कार्ड पांढरं असलं तरी चालतं. भावाच्या अँजिओप्लास्टीत पॅकेजचे जेवढे कटले तेवढेच कमी झालेत, हॉस्पिटलने बाहेर जो रेट लावला असता तेवढे नाही. शिल्लक किती ते आरोग्यमित्र स्क्रीनवर बघून सांगतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अण्णा ७० च्या वर आहेत ना, मग त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, आजच. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्याच्या वरच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर ७० वरच्यांना वेगळे ५ लाख असतात, ते घरातल्या बाकीच्यांत वाटले जात नाहीत, म्हणजे भावाच्या खर्चाशी त्याचा संबंधच नाही. फक्त आधार लागतं, वय आधारवरचंच धरतात. आयुष्मान ॲपवर घरी काढता येतं, नाहीतर आशाताई किंवा सेतूवाला काढून देतो. अण्णांच्या आधारला मोबाईल लिंक आहे का ते आधी बघा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

---

रेसिडेंट_परळ

मी डॉक्टर आहे (मेडिसिन, गॅस्ट्रो नाही), एक गोष्ट योजनेच्या आधी सांगतो. अण्णांना थंडी वाजून ताप आला, किंवा कावीळ आणि दुखणं असताना ताप चढला, गुंगी वाटली, असंबद्ध बोलायला लागले, बीपी खाली गेलं, तर कार्ड, यादी, फोन सगळं बाजूला ठेवा आणि १०८ बोलवून जवळच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला न्या. नलिकेत खडा अडकून वर पू होतो, त्याला कोलँजायटिस म्हणतात, बहात्तर वर्षांच्या माणसाला त्यात तासांचा फरक पडतो. तेव्हा ईआरसीपी ही सोयीने करायची गोष्ट राहत नाही. योजनेत इमर्जन्सीला फोनवरून तात्पुरती मंजुरी घ्यायची सोय आहे, कागद मागाहून देता येतात, त्यामुळे "आधी कार्ड आणा मग ॲडमिट करतो" हे कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

सध्या ताप नाही म्हणताय म्हणजे हातात थोडा वेळ आहे, पण महिनाभर नाही. बिलीरुबिन परत करा, सोबत सीबीसी आणि पीटी-आयएनआर पण करा. बरेच दिवस कावीळ राहिली की रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर वाढलेला असेल तर कुठलाही गॅस्ट्रो त्या दिवशी हात लावणार नाही, व्हिटॅमिन के देऊन थांबवेल. बार्शीतच केलंत तर तिथे जाऊन दिवस वाया जाणार नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन काही असेल तर स्वतःहून बंद करू नका पण डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.

ईआरसीपी म्हणजे काय ते घरी सांगून ठेवा, म्हणजे अण्णा घाबरणार नाहीत. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत जाते, पित्तनलिकेचं तोंड जरासं कापून मोठं करतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा खाली ओढतात. पोटावर टाका नसतो. खडा एका बैठकीत निघाला नाही तर प्लॅस्टिकचा स्टेंट टाकतात म्हणजे पित्त वाहतं राहतं. काही जणांना नंतर स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून त्याच दिवशी घरी न्यायची घाई करू नका.

डॉक्टर निवडताना डिग्री बघा. डीएम गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी किंवा डीएनबी / डीआरएनबी गॅस्ट्रो, हे ईआरसीपी करतात. एमसीएच असेल तर ते पोटाचे सर्जन. पोटविकार तज्ज्ञ असा बोर्ड लावून मूळव्याध-फिशरचं क्लिनिक चालवणारे बरेच आहेत, त्यांच्याकडे यासाठी जाऊ नका.

मुंबईला यायची तयारी असेल तर केईएम, नायर, सायन, जेजे चारही ठिकाणी गॅस्ट्रोचा स्वतंत्र विभाग आहे आणि ईआरसीपी रोजचं काम आहे. गर्दी आहे, नंबर लागायला थांबावं लागतं, पण जे हात रोज हेच करतात ते हात चांगले असतात, हे मी मनापासून सांगतो. लातूर एक्स्प्रेस किंवा सिद्धेश्वरने रात्रीत येता येतं, दादरला उतरून केईएम जवळ. ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते फोन करून विचारूनच निघा.

---

सीनाकाठ

खूप खूप आभार दोघांचे, एवढं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. ताप नाहीये, थर्मामीटर आणून ठेवायला सांगितलंय आईला. रक्त पातळची गोळी नाही, फक्त बीपीची एक आहे. आधारला नंबर माझा जुना लिंक आहे तो बंद झालाय, ते उद्या बदलून घेतो.

एक शंका, ओपीडीला दाखवायला गेलो तर योजना चालेल का? म्हणजे फक्त डॉक्टरांना दाखवून रिपोर्ट बघून घ्यायचेत आधी.

---

कक्ष_सेवक

नाही भाऊ, नुसतं दाखवायला योजना नाही. ही योजना ॲडमिट करून जो उपचार होतो त्याची आहे. ओपीडीची फी, बाहेरून केलेली सोनोग्राफी, एमआरसीपी, ती नुसती बघायची एन्डोस्कोपी, हे तुमच्या खिशातून जातं. ॲडमिट झाल्यावर मात्र पॅकेजच्या आत तपासण्या, औषधं, स्टेंट, जेवण सगळं यायला हवं. खडा काढायची ईआरसीपी ही उपचारात मोडते त्यामुळे ती पॅकेजमधून होते.

क्रम असा असतो. ओपीडीत सर रिपोर्ट बघतात, ॲडमिशन लिहितात, मग तुम्ही रेशन कार्ड, आधार, आयुष्मान कार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे जाता, तो नोंदणी करतो, पेशंटचा फोटो घेतो. मग हॉस्पिटलचा मेडको (योजनेचं काम बघणारा डॉक्टर) सगळे रिपोर्ट अपलोड करून प्रीऑथ टाकतो, म्हणजे आधी मंजुरी मागतो. मंजुरी आली की प्रोसिजर. इथे कागद कमी पडला की क्वेरी येते आणि दोन दिवस जातात. एमआरसीपीचा रिपोर्ट नुसता नाही, फिल्म पण न्या. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, पहिल्या डॉक्टरची चिठ्ठी, सगळ्यावर नाव आधारसारखंच लिहिलेलं आहे ना बघा. अण्णांचं नाव रिपोर्टवर नुसतं "पाटील काका" असं टाकून देतात लोक, मग अडतं.

काही उपचार फक्त सरकारी हॉस्पिटलसाठी राखीव असतात आणि २०२४ ला १३५६ उपचारांची यादी होती ती नंतर बदलत गेलीय. म्हणून पित्ताशय काढायचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलला योजनेत होईल का हे ईआरसीपीच्या आधीच विचारून घ्या. ते दुसऱ्या विभागाचं वेगळं पॅकेज आहे, त्याची मंजुरी पण वेगळी.

---

भोसरी_एमआयडीसी

दादा तुमच्या पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात का ते स्लिपवर बघा ना. ग्रॉस २१ हजारापर्यंत असेल तर कापत असणार, पगाराच्या पाऊण टक्का तुमचा आणि सव्वातीन टक्के कंपनीचा. लोकांना वाटतं ईएसआय म्हणजे फक्त आपण आजारी पडलो तर, पण अवलंबून असलेले आई-वडील पण त्यात येतात, त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९ हजाराच्या आत पाहिजे. एचआरकडे जाऊन अण्णांचं आणि आईचं नाव फॅमिलीत घातलंय का बघा, आमच्याकडे निम्म्या पोरांनी लग्नाआधी नाव घातलेलंच नसतं.

ईएसआयमध्ये आधी डिस्पेन्सरी, तिथून ईएसआय हॉस्पिटल (इकडे चिंचवडला मोहननगर, पुण्यात बिबवेवाडी, सोलापूरला पण आहे), आणि त्यांच्याकडे गॅस्ट्रो नसेल तर ते टायअपच्या हॉस्पिटलला रेफर करतात, तिथे कॅशलेस. ओपीडी पण फुकट, औषधं फुकट, जे महात्मा फुलेत नाही. मोठ्या उपचारासाठी नोकरीचे काही महिने आणि हप्ते भरलेले लागतात त्यामुळे नवीन जॉइन झाला असाल तर अडेल. रेफरचं पत्र हातात असल्याशिवाय थेट टायअपला गेलात तर पैसे मागतील, तेवढं ध्यानात ठेवा. माझ्या आईचं हर्नियाचं असंच झालं, वेळ लागला पण एक रुपया लागला नाही.

---

सीनाकाठ

माझा ग्रॉस २३ हजार झाला एप्रिलपासून, तेव्हापासून कटत नाही बहुतेक. तरी स्लिप बघतो.

---

भोसरी_एमआयडीसी

पगार वाढून २१ च्या वर गेला तरी तो चालू असलेला काँट्रिब्युशन पिरियड संपेपर्यंत कापतातच, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन असतात. आणि पैसे कापणं थांबलं तरी आधी भरलेल्यावर पुढचे काही महिने फायदा चालू राहतो. एचआरला तारीख विचारा, सोडून देऊ नका.

---

ऑरेंजसिटी

प्रश्न सोलापूरचा आहे पण विदर्भातलं कोणी वाचत असेल म्हणून लिहितेय. नागपूरला मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, तिथे गॅस्ट्रोचा विभाग आहे. माझ्या लहान बहिणीला सतत जुलाब, पोटात मुरडा, वजन बारा किलोनी उतरलं होतं. प्रायव्हेटमध्ये एकाने क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा आजार) म्हणून स्टेरॉइड सुरू करायचं ठरवलं होतं. आम्ही सुपरला नेलं, तिथल्या मॅडमनी कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासायला पाठवला आणि सोबत सीबीनॅट (टीबीची तपासणी) पण लावायला सांगितलं. आतड्याचा टीबी निघाला. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की चांगल्या चांगल्यांची गफलत होते असं मॅडम म्हणाल्या, आणि टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं असतं तर टीबी आणखी पसरला असता.

मग औषधं सरकारी टीबी केंद्रातून फुकट, खात्यावर पोषणाचे पैसे पण येतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार झालेत. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला, आता ती ठणठणीत आहे, वजन परत आलंय.

सांगायचं हे की ज्यांना असा लांबणारा आजार आहे, आतड्याची सूज, लिव्हर, सिऱ्होसिस, सारखं ओपीडीत जावं लागतं, त्यांनी योजनेच्या प्रायव्हेट हॉस्पिटलच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण कक्ष_सेवक म्हणाले तसं ओपीडी त्यात नाहीच. त्यांच्यासाठी सरकारी सुपर स्पेशालिटीची ओपीडीच खरी. रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं, बसायला जागा नसते आणि त्याचा त्रास होतो हे मान्य, पण डॉक्टर तेच राहतात आणि फाइल एकाच ठिकाणी राहते.

---

सदाशिव३०

अजून एक वाट, सगळ्यांना माहीत पाहिजे. योजनेत जागा मिळाली नाही तर पुण्या-मुंबईतली मोठी ट्रस्टची हॉस्पिटलं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातलं कलम ४१अअ आणि २००६ ची हायकोर्टाने घालून दिलेली योजना, त्याखाली. निर्धनला वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारापर्यंत आणि दुर्बलला ३ लाख ६० हजारापर्यंत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो किंवा रेशन कार्ड. प्रत्येक हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभाग असतो, एमएसडब्ल्यू म्हणतात त्यांना, बिलिंग काउंटरला न जाता आधी त्यांना भेटा. ॲडमिशनच्या आधी अर्ज करा, बिल झाल्यावर गेलात तर फार फार तर थोडी सूट देऊन बोळवण करतात.

आमच्या शेजारच्या काकूंना एका ठिकाणी खाटा शिल्लक नाहीत म्हणून तोंडी सांगितलं होतं, आम्ही म्हणालो लेखी द्या, शिल्लक खाटांचा आकडा दाखवा, तर संध्याकाळपर्यंत खाट मिळाली. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त लेखी मागायचं. गरिबांसाठी ठेवलेली खाट आहे ती, कुणाची मेहरबानी नाही.

---

सावंतवाडी_एस्टी

आमच्याकडे सिंधुदुर्गात पोटाचं काही मोठं निघालं की लोक बांबोळीला गोवा मेडिकलला पळतात, गॅस्ट्रोचा विभाग तिथे आहे. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटला फी लावतात. गोव्याच्या लोकांना त्यांची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, ती आपल्याला नाही चालत. आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेर पण पॅनेलवरच्या हॉस्पिटलला चालतं, म्हणून नुसत्या रेशन कार्डावर भरवसा ठेवून गाडी करून निघू नका, कार्ड काढून घ्या आणि आधी फोन करा. कोल्हापूरला सोय होत असेल तर ती पण बघा.

---

सीनाकाठ

अपडेट देतोय, कामाला येईल कुणाच्या तरी.

१५५३८८ ला फोन केला, कक्ष_सेवक यांनी सांगितलं तसं मेडिकल गॅस्ट्रो म्हणून विचारलं. यादी एकदम छोटी झाली. त्यातल्या हॉस्पिटलांना फोन करून आरोग्यमित्राला मागितलं. एका ठिकाणी तो सरळ म्हणाला की आमच्याकडे कागदावर आहे पण सर सोडून गेले, वेळ घालवू नका. इतकं खरं बोलल्याबद्दल त्याला मनापासून धन्यवाद म्हटलं. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमधला म्हणाला, दर आठवड्याला होतात, रिपोर्ट व्हॉट्सॲपला पाठवा, मी मेडकोला दाखवतो. संध्याकाळी त्याचाच फोन आला, एमआरसीपीची फिल्म आणि आयएनआर घेऊन या.

वय वंदना कार्ड आशाताईंनी काढून दिलं, नंबर अपडेट झाल्यावर अर्ध्या तासात झालं. आयएनआर बार्शीत केला तो १.६ आला, इंजेक्शन देऊन खाली आणला त्यांनी. ॲडमिशनच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने डिपॉझिट म्हणून दहा हजार मागितले, आरोग्यमित्राला बोलावलं तर तो म्हणाला योजनेच्या पेशंटकडून घ्यायचे नाहीत, आणि विषय तिथेच संपला. मंजुरीला एक क्वेरी आली, सोनोग्राफीवर तारीख नीट दिसत नव्हती म्हणून, परत स्कॅन करून दिली.

परवा ईआरसीपी झाली. खडा निघाला, पण खाली गाळ बराच होता म्हणून स्टेंट टाकलाय. अण्णांनी काल पेज घेतली, आज डोळे बरेच पांढरे दिसतायत. आई पहिल्यांदा नीट झोपली. पित्ताशय याच हॉस्पिटलला, त्याची वेगळी मंजुरी टाकतोय.

दोन प्रश्न, स्टेंट काढायला परत यायचंय असं म्हणाले, ते किती दिवसांत आणि तेव्हा पैसे लागतील का? आणि पित्ताशय काढायची घाई करावी का, अण्णा म्हणतायत आता दुखत नाही तर राहू दे.

---

रेसिडेंट_परळ

छान बातमी दिलीत, मनापासून बरं वाटलं.

पित्ताशय राहू देऊ नका. खडे तयार करणारी जागा तीच आहे, ती तशीच ठेवली तर पुन्हा एखादा खडा खाली उतरेल आणि हेच सगळं परत करावं लागेल, किंवा स्वादुपिंडाला सूज येईल ती जास्त वाईट. शक्यतो याच ॲडमिशनमध्ये किंवा पुढच्या थोड्या आठवड्यांत दुर्बिणीने काढून घ्या, सर्जन आणि भूलतज्ज्ञ फिट म्हणाले की. अण्णांना सांगा की दुखत नाही म्हणूनच आत्ता करायचं, सूज असताना ऑपरेशन अवघड जातं.

प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांच्या आत काढतात किंवा बदलतात. हे विसरून चालत नाही. बरं वाटतं म्हणून लोक येत नाहीत आणि वर्षभराने स्टेंट चोंदून ताप-कावीळ घेऊन इमर्जन्सीत येतात, आमच्याकडे असे पेशंट नेहमी दिसतात. घरी गेल्यावर काळी शी, खूप पोटदुखी, उलट्या किंवा ताप आला तर त्याच दिवशी परत न्या.

---

कक्ष_सेवक

स्टेंट काढण्याचं डिस्चार्जच्या आधीच मिटवा. मेडकोला विचारा की स्टेंट काढणं याच पॅकेजमध्ये धरलंय की त्या वेळी नवीन मंजुरी टाकणार. काय सांगतील ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, स्टेंट टाकल्याची तारीख, कुठला स्टेंट, आणि कधी काढायचा, तिन्ही गोष्टी. तोंडी सांगितलेलं तीन महिन्यांनी कुणाला आठवत नाही, आरोग्यमित्र पण तोवर बदललेला असतो. जाताना औषधं पॅकेजमधून देतात, बाहेरून आणायला चिठ्ठी दिली तर विचारा का म्हणून. काही अडलं तर जिल्हा समन्वयकाचा नंबर आरोग्यमित्राच्या टेबलामागच्या बोर्डवर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

---

सीनाकाठ

फोटो काढला. मेडको म्हणाले नवीन मंजुरी टाकू, कार्ड घेऊन या. डिस्चार्ज कार्डवर लिहून द्यायला सांगितलंय, सिस्टर म्हणाल्या राउंडला सर आले की करून देते. पित्ताशयाला सर्जननी हो म्हटलंय, सोमवारी भूलतज्ज्ञ बघणार आहेत.